आठवण बिनविरोध निवडून येते तेव्हा

एका वाचक बाईंचं आठ पानी पत्र आलं आहे, कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. इथे त्यातला गाभा देते. शब्द त्यांचेच, कात्री माझी.

"मी एकोणसत्तर वर्षांची. माझे मिस्टर जाऊन चौदा महिने झाले. पंचेचाळीस वर्षांचा संसार. आता लेकीच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते. लेक, जावई, नात सगळी चांगली आहेत, तक्रार करायला जागा नाही. पण इथे मला ओळखणारं कोणी नाही. 'नमस्कार आजी' म्हणतात आणि लिफ्टचं दार बंद होतं.

मी नावं विसरते. जिच्या शेजारच्या टेबलावर बारा वर्षं नोकरी केली तिचं नाव परवा आठवेना. रात्री अडीचला आठवलं आणि मग भीतीने डोळा लागला नाही. मला तो आजार तर होत नाही ना? लेकीला काही सांगायला जावं तर ती म्हणते, 'आई, हे तू सांगितलंयस.' रागाने नाही म्हणत, पण मी गप्प होते. मन सारखं मागे पळतं. शाळा, पहिली नोकरी, पहिलं घर. काल काय केलं ते धूसर आणि पन्नास वर्षांपूर्वीचं चित्रासारखं. हे चांगलं की वाईट? जावयांनी आठवणी लिहायला जाड वही आणून दिली आहे. 'माझा जन्म' एवढं लिहून महिना झाला. लिहून वाचणार तरी कोण?

सगळ्यात बोचतं ते वेगळंच. मध्येच काहीतरी आठवतं, 'तेव्हा आपल्याबरोबर कोण होतं हो?' असं विचारायला तोंड उघडते आणि तसंच मिटते. यांच्या बाजूचं जुनं माणूस म्हणजे आता फक्त थोरल्या नणंदबाई. पण घराच्या वाटणीपासून आमचं बोलणं नसल्यातच जमा आहे. तुम्ही वयाने मोठ्या असाव्यात असं लिहिण्यावरून वाटतं, म्हणून विचारते.
– एक विसराळू"

प्रिय विसराळू बाई,

सत्त्याहत्तर पूर्ण झाली, म्हणजे मोठी आहेच. 'लिहिण्यावरून वाटतं' हे जरा लागलं, पण असो.

आधी भीतीचं बोलू. ती मनात बसलेली असताना बाकीचं काही तुमच्या कानात शिरायचं नाही. मैत्रिणीचं नाव रात्री अडीचला आठवलं ना? मग ते गेलेलं नव्हतं. होतं तिथेच, फक्त हाताला लागत नव्हतं. शब्द जिभेवर येऊन अडकतो म्हणतात तो हा प्रकार. वयाबरोबर तो वाढतो आणि माणसांच्या नावांना त्याचा फटका सगळ्यात जास्त बसतो. नावांनाच का, याचा एक गमतीदार प्रयोग ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली प्रसिद्ध केला. लोकांना अनोळखी चेहरे दाखवायचे आणि प्रत्येकाचं आडनाव आणि व्यवसाय सांगायचा. त्यात काही शब्द मुद्दाम असे घेतले की जे आडनावही असतात आणि धंदाही. त्यांच्याकडे बेकर, आपल्याकडे सुतार म्हणा. शब्द तोच, पण 'हे सुतारकाम करतात' म्हणून सांगितलं तर लक्षात राहतं आणि 'हे सुतार' म्हणून नुसतं आडनाव सांगितलं तर निसटतं. कारण सुतारकाम म्हटलं की रंधा येतो, भुसा येतो, लाकडाचा वास येतो. धरायला दहा मुठी. आडनाव म्हणजे गुळगुळीत भिंत. तेव्हा तुमच्या मैत्रिणीचं नाव निसटलं, पण तिचं टेबल, तिची सही, ती रजेवर जाताना कुलूप दोनदा ओढून बघायची ते, हे सगळं तुम्ही पत्रातच मला लिहिलं आहे. (पान पाच. इथे छापायला जागा नव्हती.)

तरीही डॉक्टरांकडे एकदा जाऊन याच. मी सांगते म्हणून मनाला समजावून घरी बसू नका. थायरॉईड मंदावलं असेल, जीवनसत्त्व बी-१२ कमी असेल, मन खचलेलं असेल तरी विसरायला होतं, आणि या तिन्हींवर औषध आहे. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्या डब्यासकट घेऊन जा. कानही तपासा. नीट ऐकूच आलं नाही तर लक्षात काय राहणार? 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या, स्मृतिभ्रंशावर काम करणाऱ्या आयोगाने २०२४ साली टाळता किंवा सुधारता येण्यासारखी १४ कारणं मांडली. त्यात बहिरेपण आहे, अधू झालेली नजर आहे आणि एकटं पडणंही आहे. जगातले जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश या १४ गोष्टी हाताळल्या तर टळू शकतील किंवा लांबणीवर पडतील, असा त्यांचा हिशेब आहे. म्हणून कानाच्या यंत्राची लाज धरू नका. मी चार वर्षं धरली, आणि त्या चार वर्षांत माझ्यासमोर झालेल्या निम्म्या विनोदांवर मी अंदाजाने हसले.

काळजी कधी करायची ते ऐका. रोजच्या रस्त्यावर वाट चुकली, तोच प्रश्न दहा मिनिटांत तीनदा विचारला, वर्षानुवर्षं ठेवलेला घरखर्चाचा हिशेब जुळेनासा झाला, आणि हे तुमच्याआधी घरच्यांच्या लक्षात येऊ लागलं, तर थांबायचं नाही. तुमच्या पत्रात यातलं काही दिसलं नाही. आठ पानांत मुद्दा एकदाही सुटलेला नाही, हे माझ्या बऱ्याच तरुण वाचकांना जमत नाही.

आता लेकीचं. 'हे तू सांगितलंयस' हे वाक्य माझ्या घरीही आहे. आमच्याकडे त्याला खूणही होती. मुलगा दोन बोटं वर करायचा, म्हणजे दुसऱ्यांदा. मला फार राग यायचा. मग कळलं की यालाही कारण आहे. एखादी गोष्ट आपण कोणाकडून ऐकली हे बऱ्यापैकी लक्षात राहतं, पण कोणाला सांगितली हे राहत नाही, असं कॅनडातल्या संशोधकांना २००९ साली आढळलं. वय झालेल्यांत हे आणखी जास्त. सांगताना आपलं सगळं लक्ष आपल्याच बोलण्यात अडकलेलं असतं, समोर कोण बसलंय याची नोंद मनात पुसट उमटते. म्हणजे लेक म्हणते ते खरं, आणि तुम्हाला आठवत नाही तेही खरं. दोघींनी एकमेकींना एवढी सूट द्यावी. तुम्ही सुरुवातीलाच 'छत्रीची गोष्ट सांगितलीय का गं?' विचारा, आणि ती 'हो' म्हणाली तर तिला म्हणा, मग आता तू सांग. मी हे करून पाहिलं आहे. मुलाने माझीच गोष्ट मला सांगितली आणि तीत मी कधीच न सांगितलेला एक तपशील होता. तो त्याला त्याच्या वडिलांनी सांगितला होता.

छत्रीची गोष्ट काय ते येईलच पुढे.

मन मागे पळतं हे चांगलं की वाईट, असं विचारता. पूर्वी डॉक्टरसुद्धा याला उतरणीचं लक्षण मानत. म्हातारं माणूस जुनं उगाळायला लागलं की म्हणायचे, चला, सुरू झालं. १९६३ साली रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने उलट मत मांडलं. आयुष्याच्या या टप्प्यावर माणूस मागे वळून सगळं पुन्हा तपासतो, राहिलेली भांडणं, न समजलेल्या गोष्टी लावून बघतो, आणि हे स्वाभाविक आहे, गरजेचंही आहे, असं त्याने लिहिलं. तेव्हा त्याचं वय पस्तिशीच्या आसपास! आमचं म्हणणं समजायला त्याला म्हातारं व्हावं लागलं नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. बरं, शाळा, पहिली नोकरी, पहिलं घर हेच का दिसतं? चाळिशी उलटलेल्या कोणालाही आठवणी सांगायला लावल्या की साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणींचा ढीग सगळ्यात उंच निघतो. सगळं पहिल्यांदा त्याच वर्षांत घडलेलं असतं. काल काय घडलं? मागच्या मंगळवारी जे घडलं तेच. ते वेगळं लक्षात ठेवायचं कशासाठी?

पण तुमचं खरं दुखणं हे नाहीच, ते पत्राच्या शेवटच्या पानावर आहे. विचारायचं कोणाला.

माझे यजमान गेले त्याला नऊ वर्षं झाली. गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात घरातले दिवे गेले. फोन नंबरांची वही त्यांची, अक्षर त्यांचं. मी 'व' उघडलं, वायरमन नाही. 'इ' उघडलं, इलेक्ट्रिशियन नाही. मेणबत्ती हातात धरून मी ती वही पहिल्या पानापासून वाचली. वायरमन 'फ'मध्ये निघाला. फ्यूज! चावीवाला 'ह'मध्ये, कारण चावी 'हरवते'. आणि माझ्या सख्ख्या मावसबहिणीचा नंबर 'ब'मध्ये, ती बडबडी म्हणून. हे मला पस्तीस वर्षांत माहीत नव्हतं, कारण मला वही कधी उघडावीच लागली नव्हती. मी हाक मारायचे आणि ते नंबर सांगायचे. नंबर सगळे वहीत होते. वही कशी वाचायची ते मात्र माणसाबरोबर निघून गेलं. त्या रात्री मी 'ब'च्या पानावर हसले आणि मग बराच वेळ रडले, वायरमनला फोन करायचा राहूनच गेला.

डॅनिएल वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८५च्या सुमारास हेच मांडलं. एकत्र राहणारी माणसं लक्षात ठेवण्याचं काम न ठरवता वाटून घेतात. वाढदिवस तिच्याकडे, विम्याचे हप्ते त्याच्याकडे. मग 'काय आहे' ते लक्षात ठेवावं लागत नाही, 'कोणाकडे आहे' एवढं पुरतं. त्याने नंतर जोडप्यांवर एक प्रयोगही केला. खऱ्या जोडप्यांना मोकळं सोडलं तेव्हा त्यांना अनोळखी जोड्यांपेक्षा जास्त आठवलं. पण 'या विषयाचं तू लक्षात ठेव, त्या विषयाचं तुम्ही' अशी वाटणी बाहेरून लादली, तेव्हा त्याच जोडप्यांना अनोळखी जोड्यांपेक्षाही कमी आठवलं. त्यांची आपापसातली न बोललेली वाटणी विस्कटली ना! लग्न झालेल्या कोणालाही यात नवीन काही वाटायचं नाही.

तुमच्या पंचेचाळीस वर्षांची वाटणी चौदा महिन्यांपूर्वी एका दिवसात विस्कटली. तुम्ही 'मी विसरते' म्हणता त्यातलं किती विसरणं आहे आणि किती मुळात तुमच्याकडे नव्हतंच? 'तेव्हा आपल्याबरोबर कोण होतं' हे त्यांच्या कप्प्यातलं असेल. तुमच्या डोक्याला भोक पडलेलं नाही, बाई. अर्धं कपाट शेजारच्या माणसाकडे होतं.

आता छत्री. आमचे वडील एकदा भर पावसात मोडकी छत्री घेऊन घरी आले. काड्या उलट्या झालेल्या, बाहीतून पाण्याची धार, आणि दारात उभे राहून ते असे हसत सुटले की आईला त्यांचा हात धरावा लागला. मी उंबऱ्यावर बसून बघत होते. खालची गार फरशी मला आजसुद्धा जाणवते. ही गोष्ट मी पन्नास वर्षं सांगितली. एकदा थोरल्या बहिणीसमोर सांगितली तर ती म्हणाली, "तू कुठली बघतेस? तू जन्मलीस त्याच्या पुढच्या वर्षी. उंबऱ्यावर मी होते." आमचं दोन दिवस भांडण. शेवटी मी मानलं, म्हणजे तोंडाने. अशा उसन्या आठवणी खऱ्याइतक्याच ठसठशीत असतात. १९९५ साली अमेरिकेत २४ जणांना लहानपणच्या तीन खऱ्या प्रसंगांबरोबर एक खोटा प्रसंगही सांगितला गेला, की तू बाजारात हरवला होतास. साधारण पाव जणांना ते पुरतं किंवा थोडंथोडं 'आठवलं'. माझ्याबाबतीत तर प्रसंग खराच होता, फक्त जागा बहिणीची होती.

सहा वर्षांपूर्वी बहीण गेली. आता छत्रीची गोष्ट मी कशीही सांगितली तरी 'चूक' म्हणणारं जगात कोणी उरलेलं नाही. माझी आठवण बिनविरोध निवडून आली आहे. आधी वाटलं होतं की बरं वाटेल. वाटलं उघड्यावर पडल्यासारखं. विरोध करणारं माणूस होतं तोवर ती दोघींची गोष्ट होती. मोरिस आल्ब्वाक्स हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ १९२५ सालीच सांगून गेले की माणूस एकट्याने आठवत नाही, ज्या माणसांत तो राहतो त्यांच्या आधाराने आठवतो. मला ते बहीण गेल्यावर पटलं.

तेव्हा जावयांच्या वहीचं असं करा. 'माझा जन्म' हे पान फाडून टाका. जन्माची आठवण कोणालाच नसते, तिथून सुरुवात केली की वही बंदच पडते. पहिलं घर चित्रासारखं दिसतं म्हणता ना? मग चित्रच काढा. पट्टी नको, नुसती पेन्सिल. दार आत उघडायचं की बाहेर? खिडकीतून काय दिसायचं? अंथरुणं कुठे, कोणाचं कोणाशेजारी? अंधारात दिवा लावायला हात कुठे जायचा? मी माझ्या पहिल्या घराचं चित्र काढत होते तेव्हा बटण कुठे होतं ते काही केल्या आठवेना. उठून उभी राहिले, डोळे मिटले, आत शिरल्यासारखं केलं, तर उजवा हात आपोआप चौकटीमागे खांद्याच्या उंचीवर गेला. हाताला माहीत होतं. त्या एका बटणावरून मला चार पानं सुचली.

आणि लिहायचं फक्त उजवीकडच्या पानावर. डावं पान कोरं ठेवायचं. ते दुसऱ्यांसाठी. 'वाचणार कोण' या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच आहे की नुसतं वाचायला कोणाला देऊच नका. चुका काढायला द्या. लेकीला म्हणा, या घराच्या चित्रात काय चुकलंय? बघा ती कशी खुर्ची ओढून बसते. जिला ऐकण्याचा कंटाळा आहे तिला दुरुस्त करण्याचा कंटाळा नसतो. माणसाचा स्वभावच आहे, आणि लेकींचा तर विशेष. ती तिच्या अक्षरात डाव्या पानावर लिहील. खोडू नका. दोन पानं एकमेकांशी भांडत राहिली तर राहू देत.

नातीलाही त्यात ओढा. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या दोघांनी २००१च्या सुमारास मुलांना वीस प्रश्न विचारले. आजी-आजोबा कुठे वाढले माहीत आहे का, आई-वडील कसे भेटले माहीत आहे का, तुझ्या जन्माच्या वेळी काय झालं माहीत आहे का, अशा धर्तीचे. ज्या मुलांना घरचं जास्त माहीत होतं ती मनाने जास्त खंबीर निघाली. पण उत्तरं पाठ करून घेऊन उपयोग नाही, असं खुद्द ड्यूक यांनीच बजावलं आहे. मुलांना हे कळलं म्हणजे कोणीतरी त्यांच्याजवळ बसून, पुन्हा पुन्हा, सांगितलेलं असणार. ते बसणं महत्त्वाचं. तेव्हा पुन्हा सांगितलंत म्हणून एवढं मनाला लावून घेऊ नका. लहान मुलांना तर तीच गोष्ट त्याच शब्दांत हवी असते, एक शब्द बदला, लगेच पकडतात. मोठी झाली की म्हणतात सांगितलंयस.

लिफ्टचं दार बंद होतं, त्याविषयी. तुम्हाला तिथे जिवाभावाच्या मैत्रिणी मिळतील असं मी म्हणणार नाही. एकोणसत्तराव्या वर्षी जिवाभावाची नवी मैत्री होतच नाही असं नाही, पण ती मनात धरून लिफ्टमध्ये शिरलात तर समोरचा माणूस घाबरेल. आपल्याला रोज लागते ती तोंडओळख. नुसत्या तोंडओळखीच्या माणसांशी ज्या दिवशी जास्त बोलणं होतं त्या दिवशी माणसांना जास्त बरं वाटतं, असं २०१४ साली कॅनडात केलेल्या पाहणीत दिसलं. आणि १४८ अभ्यासांचे, तीन लाखांहून जास्त माणसांचे आकडे २०१० साली एकत्र मांडले, तेव्हा माणसांत भक्कम गुंतलेल्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त निघाली. रोज फिरायला जा म्हणून सगळे सांगतात. रोज कोणाशी तरी बोलून या असं कोणी सांगत नाही.

पण 'नमस्कार आजी'ला 'नमस्कार' एवढंच उत्तर दिलंत तर दार बंद होणारच. काहीतरी विचारा. नाव विचाराल, ते विसराल. सुताराचं लक्षात आहे ना? म्हणून काम विचारा. 'तुम्ही काय करता हो?' हा प्रश्न म्हाताऱ्या बाईने विचारला तर कोणाला आगाऊपणा वाटत नाही, हा या वयाचा मोठा फायदा आहे, तो घ्या. मी राहायला आले तेव्हा खालच्या बाकावर बसणाऱ्या एका बाईंना माझ्या फोनचा आवाज कसा बंद करायचा ते विचारलं. मला येत होतं. (हे त्यांना अजून सांगितलेलं नाही, आणि त्या हे वाचतात.) त्यांनी दहा मिनिटं शिकवलं. आता दोन दिवस मी बाकावर दिसले नाही तर त्या बेल वाजवतात. आत येत नाहीत, 'आहात ना?' एवढंच विचारतात आणि जातात. ज्याने आपल्याला काही दिलं त्याला आपण आपले वाटतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून तिथे मदत करायला जाण्याआधी मदत मागायला जा.

राहिल्या नणंदबाई.

पत्रात तुम्ही त्यांच्याविषयी दोनच वाक्यं लिहिलीत, आणि आठ पानांत तेवढ्याच ठिकाणी खाडाखोड आहे. वाटणीत कोणाचं चुकलं ते मला ठाऊक नाही आणि विचारतही नाही. एक हिशेब मात्र करून बघा. यजमानांची पंचेचाळीस वर्षं तुमच्याकडे आहेत. त्याच्या आधीची? ते चालायला कधी लागले, कशाला घाबरायचे, शाळेतून पळून आले होते का, तुम्हाला बघून आल्यावर घरी काय म्हणाले? ती सगळी वर्षं एका बाईच्या डोक्यात आहेत आणि ती बाई तुमच्यापेक्षा मोठी आहे. तिच्याकडेही भावाची पुढची वर्षं नाहीत. वाटणीपासून तर मुळीच नाहीत. भावाच्या शेवटच्या वर्षांत तो काय बोलायचा, बहिणीचं नाव काढायचा का, हे तिला फक्त तुमच्याकडून कळू शकतं. घराची वाटणी झाली, पण या माणसाची वाटणी तुम्ही दोघींनी अजून केलेलीच नाही. किंवा झाली आहे आणि दोघीही आपापला अर्धा घेऊन बसल्या आहात.

समेट करायला फोन करू नका. समेट म्हटलं की जुने कागद निघतात. झालं गेलं विसरून जाऊ, हेही म्हणू नका. तुम्हा दोघींना विसरायचं नाहीच आहे. एक प्रश्न विचारायला फोन करा. लहान हवा, खरा हवा, आणि उत्तर फक्त त्यांनाच माहीत असेल असा हवा. माझ्या दिरांशी माझं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. मी फोन केला आणि विचारलं, "यांच्या हनुवटीखालचा वण कशाचा?" पलीकडे इतका वेळ शांतता होती की फोन कटला असं वाटलं. मग ते म्हणाले, "मीच ढकललं होतं." आणि पाऊण तास बोलत होते. मधल्या अकरा वर्षांचा विषय निघाला नाही, आजही निघत नाही. फोन मात्र दर पंधरा दिवसांनी येतो. आणि मला तो वण सायकलवरून पडल्याचा म्हणून सांगण्यात आला होता, पस्तीस वर्षं!

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं तर डाव्या पानावर लिहा, त्यांच्याच शब्दांत. 'मला नाही आठवत' म्हणाल्या तर तेही लिहा, आणि आठवड्याने दुसरा प्रश्न काढा. त्यांनी फोनची वायरच काढून ठेवली असली तर एक पोस्टकार्ड टाका, त्यावरही तो एकच प्रश्न, खाली तुमचा नंबर.

फोन सकाळी नको, कामं असतात. रात्री नको, आपल्या वयात रात्री फोन वाजला की पोटात गोळा येतो. दुपारी चारनंतर करा. त्याआधी त्या झोपलेल्या असतील.